इंगुनची आरोळी

व्होसच्या खोऱ्यात बिअर करताना ओरडावं लागतं. पिंपात यीस्ट ओतायच्या क्षणी घरातल्या एका माणसाने छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकायची. आरोळी जेवढी मोठी तेवढी बिअर कडक, आणि न ओरडता यीस्ट टाकलं तर ती बिअर पिऊन पाहुणे एकमेकांच्या उरावर बसतात, असं तिथे सगळे मानतात. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण तोर्गेरच्या शेतावर ह्या बाबतीत कुणी हसत नसे. आरोळीचा मान आधी त्याच्या आईकडे होता, मग बायकोकडे आला, आणि बायको गेल्यावर मुलीकडे, म्हणजे इंगुनकडे. इंगुन बर्गनच्या एका प्रयोगशाळेत मूलपेशींपासून हाड वाढवते, तिचे शोधनिबंध देशोदेशी वाचले जातात, हे तोर्गेरला चांगलं ठाऊक होतं. तरी चारचौघांत लेकीची ओळख करून देताना तो म्हणायचा, "ही आमची इंगुन. आरोळी हिची."

खरं तर हाडांचा नाद तिला बापानेच लावला होता. ती शाळेत असताना त्यांच्या एका मेंढीचा पाय खडकाच्या फटीत अडकून मोडला. शेजारी म्हणाले, कापून मोकळा हो. तोर्गेर मुलखाचा हट्टी. त्याने बर्चच्या दोन पट्ट्या पायाला आवळून बांधल्या आणि मेंढीला हलता येणार नाही अशा अरुंद खणात उभी केली. मेंढी पुन्हा डोंगर चढली. पुढे वय झालं तेव्हा तिला कापली, त्या दिवशी इंगुनने ते हाड मागून घेतलं. मोडल्या जागी जाडसर गाठ होती, बाकी हाडापेक्षाही टणक.

"बाबा, हे कुणी शिवलं?"

"कुणी नाही. हाड आपलं आपण सांधतं. आपण मध्ये लुडबुड नाही करायची."

"पण आत कुणीतरी असेलच ना?"

"आत कोण असणार? जा, मीठ आण."

इंगुनने मीठ आणून दिलं, पण तो प्रश्न काही सोडला नाही. बर्गनला शिकायला गेली ती त्याच्यापायीच. आत कुणीतरी असतं, हे तिथे तिला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. हाडाच्या मगजात, म्हणजे मज्जेत, अशा पेशी असतात, ज्यांनी मोठं होऊन काय व्हायचं ते अजून ठरवलेलं नसतं. त्यांना नीट खाऊपिऊ घातलं, हाडासारखीच टणक पण सच्छिद्र जागा दिली, तर त्या हाड व्हायचं ठरवतात. काही माणसांचं मोडलेलं हाड काही केल्या सांधत नाही. त्यांच्याच कमरेतून थोडा मगज काढायचा, त्यातल्या मूठभर पेशींच्या कोट्यवधी करायच्या आणि त्या मोडल्या जागी नेऊन सोडायच्या, हे इंगुनचं काम. आयुष्याची उमेदीची वर्षं तिने ह्या एका गोष्टीवर घातली. लग्नही राहून गेलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही, खोऱ्याला मात्र फार वाटलं.

अखेर माणसांवर प्रयोग करायची परवानगी मिळाली. एका शरद ऋतूत पहिल्या रुग्णाचा मगज प्रयोगशाळेत आला. बाटलीवर नाव नव्हतं, फक्त क्रमांक. नियमच तसा आहे. पण व्होससारख्या ठिकाणी नियमाला कोण विचारतो! त्याच संध्याकाळी तोर्गेरचा फोन आला.

"ओडनीच्या कमरेतून मगज काढला म्हणे तुमच्याकडे. नीट लक्ष दे."

"बाबा, मला नावं कळत नाहीत."

"तुला कळत नाहीत, मला कळतात. म्हणून तर सांगतोय."

ओडनी म्हणजे खोऱ्याची टपालवाली. प्रत्येक उंबरठ्यावर तिचं पाऊल पडलेलं, प्रत्येक घरची बातमी दुसऱ्या घरी तिनेच पोचवलेली. बर्फावरून घसरून तिची नडगी मोडली होती. आत धातूची पट्टी घालून झाली, ती काढून दुसरी घालून झाली, तरी हाडाची दोन टोकं एकमेकांशी बोलायला तयार नव्हती. कुबड्यांवर तिचं दुसरं वर्ष चाललं होतं. गुडघ्याखालून पाय काढायची गोष्ट डॉक्टर आता हळू आवाजात करू लागले होते.

त्या पेशी बाटलीच्या तळाला लागल्या, लांबुडक्या झाल्या, एका दिशेने वळू लागल्या. फ्योर्डात, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या खाडीत, हेरिंग माशांचे थवे वळतात तशा दिसायच्या. इंगुन त्यांना गुलाबी पोषकद्रव पाजायची आणि कुणी बघत नसेल तेव्हा त्यांच्याशी चार शब्द बोलायची. तेवढ्यात तोर्गेरचा सत्तरावा वाढदिवस आला. वाढदिवस म्हणजे बिअर, आणि बिअर म्हणजे आरोळी. ती शनिवारी गावी गेली. चूलघरात ज्युनिपर ह्या सुगंधी झुडपाच्या फांद्यांचं पाणी उकळत होतं. खुंटीवर लाकडी कडं टांगलेलं होतं आणि त्याच्या खाचाखाचांत घराण्याचं यीस्ट वाळून बसलेलं. ह्या यीस्टला तिथे क्वाइक म्हणतात. तोर्गेरच्या पणजोबाच्याही आधीपासून ते त्या घरात जिवंत आहे. इंगुनने कडं चोळून कपच्या झाडल्या, सातूच्या कोमट रसात सोडल्या, आणि अशी ओरडली की समोरच्या डोंगरावरची कुत्री भुंकायला लागली. सोमवारी पहाटेच्या गाडीने ती बर्गनला परतली आणि थेट पेशींना खाऊ घालायला गेली.

बुधवारी बाटल्या गढूळ झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली हेरिंगच्या थव्यांवर मण्यांच्या माळा पसरलेल्या होत्या. यीस्ट शिरलं होतं, एका नव्हे, सगळ्या बाटल्यांत. ओडनीच्या कमरेतून आलेलं सगळं कचऱ्यात गेलं, आणि प्रयोगशाळेचा प्रमुख हालवार ह्याला वरून कळवण्यात आलं की चूक सापडेपर्यंत पुढचा एकही मगज आणायचा नाही. चूक सापडली नाही तर प्रयोग बंद.

माशी नेमकी कुठे शिंकली ते शोधायला सगळे हात धुऊन लागले. गाळण्या बदलल्या, उबवणीपेट्या आतून घासल्या, पाणी तपासलं. काही हाती लागेना. मग नजरा मेरेतकडे वळल्या. मेरेत ही इंगुनच्या बरोबरीची, तितकीच हुशार, आणि घरी आंबवलेल्या पिठाचे पाव करणारी. रोज डब्यात तोच पाव.

"तुझ्या त्या पिठाला जरा सुट्टी दे ना," इंगुनच म्हणाली. "मी काही म्हणत नाहीये, पण..."

"म्हणत नाहीयेस तर मग हे काय चाललंय?" मेरेतने विचारलं.

दर शुक्रवारी दुपारी तिथे सगळ्यांनी मिळून केक खायची पद्धत, आणि केक नेहमी मेरेत करायची. त्या शुक्रवारी तिने दुकानातला केक आणून टेबलावर आदळला. त्या प्रयोगशाळेत ह्याहून मोठी शिवी नव्हती. सगळ्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.

एक बिघडलेली बाटली तेवढी इंगुनने तपासणीसाठी मुद्दाम मागे ठेवली होती. पेटीतली ऊब माणसाच्या अंगाइतकी असते. पावाचं यीस्ट त्या उबेत जरा कंटाळतं, आणि हे तर दुथडी भरून वाहत होतं, हे तिला केव्हापासून खटकत होतं. सोमवारी तिने बाटलीचं झाकण फिरवलं. आणि वास आला. संत्र्याच्या सालीचा वास.

हा वास तिला आईच्या कुशीइतका ओळखीचा होता. कुठल्या पावाला हा वास येत नाही. तो येतो व्होसच्या क्वाइकला, आणि क्वाइकला अंगाची ऊब फार आवडते.

पण आलं कसं? आत जाताना ती रोजच्यासारखी नखशिखांत कपडे बदलून गेली होती. बूट, मोजे, टोपी, सगळं. इंगुन विचार करकरून थकली. मग तिने अंगातला सदरा मानेपाशी ओढून आत डोकावलं. आत लोकरीचं बनियन होतं. करड्या रंगाचं, आईने विणलेलं, चूलघरात घातलेलं तेच. ह्या देशात पानगळ लागली की लोकरीचं बनियन अंगावर चढतं ते वसंतातच उतरतं. कपडे काढा म्हटलं की माणसं सगळं काढतात आणि ते ठेवतात, कारण तो कपडा आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. कडं चोळताना उडालेली क्वाइकची भुकटी त्या लोकरीत बसून सोमवारी तिच्याबरोबर बर्गनला आली होती.

तिला गप्प बसता आलं असतं. बनियन धुऊन टाकायचं, बाटली फेकायची, पुढे सगळं आपोआप ठीक झालं असतं आणि संशय मेरेतच्या पावावर राहिला असता. हा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला ह्याचीच तिला शरम वाटली.

शुक्रवारी केकच्या टेबलाशी ती उभी राहिली. "यीस्ट मी आणलं," ती म्हणाली. "बाबांच्या चूलघरातून. लोकरीच्या बनियनात. मेरेत, मी तुझ्यावर आळ घेतला, माझं चुकलं."

हालवारने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"एक विचारतो," तो म्हणाला. "आत्ता, ह्या घडीला, लोकरीचं बनियन कुणाकुणाच्या अंगात आहे?"

आधी एक हात वर झाला. मग दुसरा. मग टेबलाभोवतीचे सगळे. शेवटी हालवारनेही आपला हात वर केला, आणि मेरेत इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

"बंद करा प्रयोग!" ती म्हणाली. "सगळा देशच अस्वच्छ आहे!"

दारात सुती कपड्यांची कपाटं आली. आत जाणाऱ्याने अंगावर घरचा धागा म्हणून ठेवायचा नाही, असा नियम झाला. पेशी वाढत असतील तेवढे दिवस चूलघरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम इंगुनने स्वतःसाठी वेगळा केला. चूक सापडली म्हणून परवानगीही परत मिळाली. आता एकच गोष्ट उरली होती. ओडनी पुन्हा कमरेत सुई टोचून घ्यायला तयार होईल का? पाय वाचवायची संधी एवढीच होती, आणि ती एकदा इंगुनने मातीत घातली होती.

हालवारला सांगून ती गावी गेली. ओडनी तोर्गेरच्या स्वयंपाकघरातच बसलेली होती, कुबड्या भिंतीला टेकवून, कॉफीत साखरेचा खडा बुडवत.

"इस्पितळातून तुला सांगितलं ना, चूक झाली म्हणून?" इंगुन म्हणाली. "ती माझी चूक." आणि तिने काही हातचं न राखता सगळं सांगितलं.

ओडनी खडा चोखायची थांबली. "म्हणजे माझ्या मगजाची तू बिअर केलीस?"

"हो."

"कडक झाली का तरी?"

दोघींना हसू फुटलं. ओडनीचं हसू मात्र लगेच ओसरलं. तिने पुढे वाकून इंगुनचं मनगट धरलं. "ऐक. ते मला कापायचं म्हणतायत. मी रात्री पाय चाचपून बघते, आहे ना अजून म्हणून. तुला हवं तेवढं टोच. पण ह्या खेपेला मला हाड पाहिजे."

तोर्गेर इतका वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. नाताळच्या बिअरला आपण येऊ शकणार नाही, हे इंगुनने त्याला सांगितलं तेव्हा तो वळला.

"पणजोबापासून जपलंय ते. अख्खं खोरं मागून नेतं आमचं क्वाइक. आणि तुझ्या लेखी ती घाण?"

"घाण नाही म्हणत मी, बाबा. पण पेशींना ते खाऊन टाकतं. ओरडायला दुसऱ्या कुणाला बोलवा ना."

"दुसरं कोण आहे ह्या घरात?" एवढं बोलून तो मेंढ्यांकडे निघून गेला. त्या नाताळात तोर्गेरच्या घरी बिअर झाली नाही. खोऱ्याने ते तोंडात बोट घालून एकमेकांना सांगितलं.

इंगुन बर्गनच्या पावसात राहिली. नव्या पेशींना तिने आणि मेरेतने आळीपाळीने सांभाळलं, तान्ह्या मुलासारखं. रोज सकाळी बाटली उजेडात धरताना तिचा जीव टांगणीला लागायचा, आणि रोज बाटली स्वच्छ, गुलाबी असायची. थवे दाटत गेले. शस्त्रक्रियेच्या दिवशी पेशींची डबी तिने स्वतः छातीशी धरून नेली. शल्यविशारदाने त्या हाडासारख्या पांढऱ्या कणांत कालवल्या, ओडनीच्या नडगीतल्या फटीत भरल्या आणि वरून शिवलं. पुढे कुणाच्याच हातात काही नव्हतं. हलू द्यायचं नाही, लुडबुड करायची नाही. बापाचे शब्द तिला आठवले आणि फोन करावासा वाटला, पण तिने केला नाही. तीही त्याचीच मुलगी.

वसंतात एक्स-रेवर त्या फटीत दुधावरच्या सायीइतकं पुसट काहीतरी धरलं होतं. उन्हाळ्यात ते दाट झालं. सफरचंदं उतरवायच्या सुमाराला हालवारने नवा एक्स-रे उजेडावर लावला आणि म्हणाला, "फट दाखव."

इंगुनने शोधली. परत शोधली. फट नव्हतीच. वरपासून खालपर्यंत एकच हाड होतं, आणि जिथे मोडलं होतं तिथे एक जाडसर गाठ. ती हुबेहूब मेंढीच्या हाडावरच्या गाठीसारखी होती. मेरेतने तिला मागून मिठी मारली, हालवारने नाक शिंकरलं, आणि त्या शुक्रवारी मेरेतने केलेल्या केकवर क्रीमने नडगी काढलेली होती. इंगुनला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता आणि तो लपवायचं तिने नावही घेतलं नाही.

डिसेंबरात तोर्गेरचा फोन आला. त्याने आधी हवामान सांगितलं, मग मेंढ्यांची खुशाली. मग खाकरला.

"ह्या वर्षी बिअर करतोय."

"बाबा, माझ्याकडे पेशी आहेत. दुसऱ्या रुग्णांच्या."

"ठाऊक आहे. फाटकाबाहेर उभं राहिलं तर चालतं का?"

"वारा कुठून असतो?"

"तुझ्याकडून चूलघराकडे. मी आठवडाभर बघतोय. दुपारी तर नक्की."

ती गेली. मेंढ्यांच्या फाटकाबाहेर बर्फात उभी राहिली, अंगात इस्पितळाचे सुती कपडे आणि वर नवा कोट, त्यामुळे दात वाजत होते. अंगणापलीकडे चूलघराची दोन्ही दारं सताड उघडी होती आणि आतून वाफ निघत होती. पिंपाशी ओडनी उभी होती, क्वाइकचं लाकडी भांडं दोन्ही हातांत धरून. कुबड्या नव्हत्या. काठीही नव्हती. टपालाची पिशवी खांद्याला लावून ती तो चढ आपल्या पायांनी चढून आली होती.

तोर्गेरने दारात येऊन टोपी वर केली.

इंगुन ओरडली. कचऱ्यात गेलेल्या बाटल्यांसाठी, मेरेतसाठी, आईसाठी, उजेडावर लावलेल्या त्या एका हाडासाठी ओरडली. छातीत होतं नव्हतं ते सगळं तिने बाहेर काढलं. डोंगराने ती आरोळी परत दिली, समोरची कुत्री पेटून उठली, आणि छपरावरचा बर्फ धप्पकन खाली आला. ओडनीने भांडं पिंपात उपडं केलं.

तोर्गेर उंबरठ्यावरच थांबला. बाहेर यायचं नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"पोचली!" तो अंगणापलीकडून ओरडला. मग टोपी हातात फिरवत राहिला. "आणि ऐक! त्या मेंढीच्या पायात आत कुणीतरी होतं! तू म्हणाली होतीस तेच खरं!"

इंगुन फाटकाला धरून सरळ रडायला लागली. ते पाहून ओडनी भांडं टाकून तिच्याकडे निघाली.

"थांब तिथेच!" इंगुन किंचाळली. "तुझ्या अंगभर यीस्ट आहे!"

ओडनी अंगणाच्या मधोमध थबकली. "मग लांबूनच बघ," ती म्हणाली. तिने हात पसरले, न मोडलेला पाय उचलला, आणि इंगुनच्या हाडावर, फक्त त्या एका पायावर, बर्फात उभी राहिली.

"अगं पडशील, बाई!" तोर्गेर ओरडला.

"पडू दे की," ओडनी म्हणाली. "इंगुन आहे ना."